अक्षर मोकळं सोडायचं नाही

सेनगाव, १९ जानेवारी

पुनम,

वर 'प्रिय' लिहावं की 'चि.', यावर दोन कागद वाया गेले. लग्नाच्या पत्रिकेत कुणाच्या नावामागे काय लावायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण ज्या नणंदेनं आपल्याला ब्लॉक केलंय तिच्या नावामागे काय लावतात, हे आमच्या धंद्यात कुणी शिकवलेलं नाही. म्हणून नुसतं पुनम.

पोस्टानं आलेलं पाकीट काही ब्लॉक करता येत नाही. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

दिवाळीत जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. तूही ताट सरकवून उठलीस, ते मी काढते का? जाऊ दे.

विचारायचंय ते वेगळंच. तुझा ईमेल आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून उघडाच आहे. पहिले अर्ज तू इथंच बसून टाकलेस, तेव्हापासून. मी बंद करायला हवा होता, नाही केला. सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली की आधी तुझी डाक बघते, मग माझं काम. चोरी आहे ही, मान्य आहे. पण चोरी केली म्हणून तर एक गोष्ट नजरेस पडली.

शुक्रवारी तू त्या मसाल्यांच्या कंपनीत अर्ज टाकलास, अकरा बेचाळीसला. नकार आला अकरा सेहेचाळीसला. चार मिनिटांत आपल्याकडं चहाला आधण येत नाही गं! तुझा दोन पानांचा बायोडाटा चार मिनिटांत कुणी वाचला, कुणी विचार केला आणि कुणी ते गोड इंग्रजी पत्र टाइप केलं? मग मी मागचे सगळे काढून बघितले. त्र्याऐंशी अर्ज, त्र्याऐंशी नकार. काही सहा मिनिटांत, काही दोन. एक तर रविवारी दुपारी आला. रविवारी दुपारी कोणता साहेब ऑफिसात बसतो?

मला काही उमजत नाही. 'तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली' वाचून पुढचं वाचतच नसतील का? की आडनाव बघतात? की फोटोत तू हसत नाहीस म्हणून? परभणीहून फूड टेक्नॉलॉजी केलेली, कॉलेजात तिसरी आलेली पोरगी. हळदीवर तुझा एवढा मोठा प्रोजेक्ट, आणि हळदीच्याच कंपनीला तू नको?

बायोडाट्यात चूक असेल असं म्हणू नकोस, तो मी केलाय. दुहेरी सोनेरी चौकट, चारी कोपऱ्यांत वेल, तुझं नाव कमानीत, फोटो अंडाकृती. दोन दिवस लागले होते मला. बघणारा म्हणतो, वा! तालुक्यातल्या पोरांना असा बायोडाटा दुसरीकडं मिळत नाही.

पाडव्याला दोन महिने राहिलेत. तू अण्णांना शब्द देऊन बसलीस की पाडव्यापर्यंत मुलाखतीचं एक जरी बोलावणं आलं नाही तर शिक्षणाचं नाव काढणार नाही, तुम्ही म्हणाल तिथं उभी राहीन. कनेरगाव नाक्याच्या स्थळाची माणसं वाईट नाहीत. पण तू तिथं हरून जावंस असं मला वाटत नाही. एवढंच.

तुझी वहिनी,
शिवकन्या

*

सेनगाव, ८ फेब्रुवारी

पुनम,

निरोप पोचला. 'वहिनीला म्हणावं माझी डाक बघणं बंद कर.' तुझ्या दादांनी जेवताना सांगितला आणि वर विचारलं, "तू काहून बघून राहिली तिची डाक?" मी म्हटलं, भाकरी वाढू का? बघणं बंद केलेलं नाही. मागच्या पत्रानंतर तू नवा अर्ज टाकलेला नाहीस, तेही बघितलं.

तू पुण्यात बेकरीत पॅकिंगला लागलीस हेही त्यांनीच सांगितलं. खारी मोजून पिशवीत भरायची म्हणे. खारी कशी टिकवायची हे शिकलेली पोरगी खारी मोजते! अण्णांना सांगितलेलं नाही.

आता ऐक. हिंगोलीत यांना कुणीतरी सांगितलं की मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणूस वाचतच नाही. मशीन वाचतं, आणि मशीनला पटला तरच पुढं माणसाकडं जातो. मी हसले. मग चार मिनिटं आठवली आणि हसू गेलं.

तेव्हापासून मी मोबाईलवर बघतेय, मशीनला काय आवडतं. डोकं फिरायची पाळी आली. एक म्हणतो फोटो लावा, दुसरा म्हणतो फोटो लावलात तर मेलात. एक म्हणतो एकच पान, दुसरा म्हणतो दोनाला हरकत नाही. एक बाई सांगते, कंपनीनं जाहिरातीत जो शब्द लिहिला तोच तुम्ही लिहा, 'सर्व प्रकारचे ज्ञान आहे' असं मोघम लिहू नका. (हे मात्र आपण लिहिलंय. मीच लिहिलं होतं. भारदस्त वाटलं म्हणून.) एक जण तर म्हणतो, नाव पानाच्या अगदी माथ्यावर वेगळ्या पट्टीत लिहिलं तर मशीन ते वाचत नाही. का वाचत नाही? माथ्यावर नाही लिहायचं तर नाव काय पायाशी लिहायचं?

ऐकावे जनाचे करावे मनाचे म्हणतात, पण इथं माझ्या मनालाच काही सुचत नाही. मशीनला राग येतो का? त्याला गाव कळतं का? माणूस असता तर वसमतहून चार किलो हळद घेऊन भेटायला गेले असते. याच्याकडं जायचं कसं, काय घेऊन?

आणि एक. दिवाळीचं काढणार नव्हते, पण सारखं तेच आठवतंय. मी एवढंच म्हटलं होतं की नाचता येईना अंगण वाकडं. चिडून म्हटलं. तू 'कंपन्या बघतच नाहीत' असं म्हणालीस ना, त्यावर. म्हण आहे, तोंडात आली. तिच्यामुळं कुणी चार महिने बोलणं टाकतं का?

वहिनी

*

सेनगाव, २४ फेब्रुवारी

पुनम,

आज अक्षर वाईट येईल, सांभाळून वाच.

खेमा धनगरांची मिना आठवते का? तुझ्यामागं तीन वर्षं होती शाळेत. त्यांची मेंढरं आपल्या रानात बसायची. तिनं बी. कॉम. केलं. गेल्या वर्षी तिचाही बायोडाटा मीच केला, हिरव्या चौकटीत. आज ती दुकानात अर्ज भरायला आली. संगं तिच्या मैत्रिणीचाही अर्ज होता. त्या मैत्रिणीनं आपला बायोडाटा हिंगोलीत कुठंतरी करून घेतलेला. पांढरा कागद, काळी अक्षरं, ना चौकट ना काही. मी बघून नाक मुरडलं. म्हटलं, हा काय किराणा सामानाची यादी आहे का?

त्या कंपनीच्या पानावर आधी बायोडाटा चढवायचा असतो. मग खालचे रकाने आपोआप भरतात. नाव, फोन, शिक्षण, सगळं. मैत्रिणीची यादी चढवली, भराभर रकाने भरले. मग मिनाचा चढवला. गोल गोल फिरलं आणि थांबलं. सगळे रकाने कोरे.

मिना म्हणाली, "ताई, ह्याच्यात तर काईच भरून न्हाई राहिलं."

मी म्हटलं, नेट गेलं असंल. परत चढवला. कोरे. तिसऱ्यांदा कोरे. मिना पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्याला माझं नाव बी दिसंना का वं?"

आणि पुनम, मी माउसवरचा हात काढला. कारण मला एकदम संताराम आठवला.

वसमतच्या छापखान्यातला संताराम. मी नवी होते तेव्हा शेगोकारांच्या लग्नाची पत्रिका करून त्याच्याकडं पाठवली. माझ्याकडचा फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर नव्हता. पाचशे पत्रिका छापल्या आणि नवरदेवाच्या नावाच्या जागी चौकोन, चौकोन, चौकोन. लग्नघर दुकानावर चालून आलं होतं. तेव्हा संतारामनं शिकवलं: "ताई, अक्षर मोकळं सोडायचं न्हाई. पाठवायच्या आधी सगळ्याचं चित्र करून टाकायचं. मंग जगात कुठं बी उघडा, हालत न्हाई." एक कळ दाबायची. अक्षराचं अक्षरपण जातं, नुसती रेघ राहते. 'क' दिसतो, पण तो 'क' नसतो, 'क'चं चित्र असतं. माणसाला काही फरक कळत नाही. तेव्हापासून एकही काम मी ती कळ दाबल्याशिवाय बाहेर जाऊ दिलेलं नाही. बारा वर्षं. पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानाच्या पाट्या. आणि बायोडाटे.

मी मिनाला म्हटलं, सर्व्हर बंद आहे, उद्या ये. खोटं बोलले. ती गेल्यावर तुझी फाईल उघडली. सगळं निवडायची कळ दाबली. एक अक्षर निळं झालं नाही. माउस फिरवून बघितला, तुझ्या नावावरून, फोन नंबरवरून, हळदीच्या प्रोजेक्टवरून. काही हाती लागत नाही. सगळं सोन्याच्या चौकटीत दिसतंय आणि आत काही नाहीच.

त्र्याऐंशी वेळा तू कोरा कागद पाठवलास. मीच दिला होता तुझ्या हातात.

एक मला कळत नाही आणि मी दुपारपासून त्यावरच आहे. पेपर कोरा आला तर शून्य देतात, ठीक. पण मास्तर एकदा तरी विचारतो ना, बाई, कोरा का दिलास? याला विचारता येत नाही का? मला काही वाचता आलं नाही, असं तरी लिहायचं. 'तुमच्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला' असं काहून लिहितं?

शिवकन्या

*

सेनगाव, ७ मार्च

पुनम,

मागचं पत्र या पाकिटात सोबत आहे. तारीख बघ. अकरा दिवस ते माझ्या खणात होतं, पत्रिकांच्या नमुन्यांखाली.

पोस्ट ऑफिस दुकानापासून शंभर पावलांवर आहे. दोनदा गेले आणि तिकीट घेऊन परत आले. तुझ्या दादांना सांगायचं तर नुसतं तोंड उघडायचं होतं, तेही झालं नाही. अण्णा रोज पाडव्याचं काढतात, मी ताक घुसळत बसते. या अकरा दिवसांत तू आणखी सहा अर्ज टाकलेस. सहा नकार मी इथं बसून बघितले. मला कारण माहीत होतं आणि मी बघत राहिले. हे मी कुणाकुणाला सांगू? आधी तुलाच सांगते.

का नाही सांगितलं? तर दिवाळी. आता सगळंच लिहिते, आधी अर्धं लिहिलं होतं. म्हणीवर मी थांबले नव्हते. अण्णा, आत्याबाई, तुझे दादा, कनेरगावहून आलेली ती दोन माणसं, सगळे फराळाला बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "एवढ्या कंपन्या काय आंधळ्या आहेत का? तुझ्यातच काहीतरी खोट असेल." तेव्हा तू ताट सरकवलंस. आणि आता कळलं की त्या खरंच आंधळ्या होत्या. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते सारवणारी मीच. ज्या तोंडानं तेव्हा बोलले त्याच तोंडानं हे कसं सांगायचं, या विचारात अकरा दिवस गेले. लाज वाटते गं.

मिनाला मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं. ती म्हणाली, "म्हंजे ताई, आजवर मला कुणी नापास केलंच न्हाई?" आणि हसायला लागली. मग स्टूल ओढून शेजारी बसली. माझ्या कॉम्प्युटरात असे एकसष्ट बायोडाटे निघाले. दोघी मिळून एकेकाला फोन करतोय. दुकानावर पाटीही लावली, 'नोकरीचे बायोडाटे मोफत बदलून मिळतील'. एका पोरानं तोंडावर शिव्या दिल्या. खाल्ल्या.

तुझा नवा सोबत आहे. चौकट नाही, वेल नाही, फोटो नाही, दोन रकाने नाहीत. नाव वर, पण साध्या ओळीत. 'सर्व प्रकारचे ज्ञान' काढलं, तू प्रयोगशाळेत जे जे केलंस ते त्या त्या नावानं लिहिलं. मला तो अजूनही किराणा यादीच वाटतो. पण तपासलाय. सगळं निवडलं, साध्या पानावर उतरवलं, एकूण एक अक्षर उतरलं. तूही तपासून बघ, माझ्यावर आता विश्वास ठेवू नकोस.

आणि एक चोरी केलीय. तुझ्या ईमेलवरून हा नवा बायोडाटा मी पाच ठिकाणी टाकला. तुला न विचारता. दोन ठिकाणचा नकार आला, पण पुनम, एक दोन दिवसांनी आला आणि दुसरा तीन! नकार वाचून मी आयुष्यात पहिल्यांदा खूश झाले. कुणीतरी वाचून नाकारलं की.

आठ दिवसांत तुझ्याकडून एकही अर्ज गेलेला दिसत नाही, डाक तू उघडतच नाहीस वाटतं. तू बघणं सोडलंस का? सोडू नकोस. अजून बारा दिवस आहेत.

शिवकन्या

*

सेनगाव, १५ मार्च, सकाळ

पुनम,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझ्या दादांच्या हाती देते. अर्ध्या तासात त्यांची बस आहे. त्यामुळं गडबडीत लिहितेय, मागंपुढं झालं तर समजून घे.

काल दुपारी तुझ्या डाकेत ते आलं. हळदीच्या प्रक्रियेची कंपनी, मुलाखत बुधवारी अकरा वाजता. खाली एका बाईचं नाव होतं, आणि तिनं लिहिलं होतं की तुमच्या हळदीच्या प्रोजेक्टबद्दल ऐकायला आवडेल. मी चार वेळा वाचलं. मशीन असं लिहितं का, म्हणून मिनालाही वाचायला लावलं. ती म्हणाली, "ताई, बाईमाणूस हाय ही. फोन करा आता, पत्र काय लिहून राहिले!"

म्हणून काल घरी येऊन सांगितलं. सगळे जमेपर्यंत थांबले. दिवाळीत जे होते ते सगळे असावेत असं वाटत होतं, आणि कनेरगावची ती माणसंही नेमकी पाडव्याच्या बोलणीला आलेलीच होती. उभी राहूनच सांगितलं. संताराम, ती कळ, त्र्याऐंशी आणि सहा, अकरा दिवस, तुझी डाक वाचली ते, सगळं. कुणाला नीट कळलं की नाही देव जाणे. अक्षर दिसतं पण अक्षर नसतं हे मलाच पुरतं कळलेलं नाही, त्यांना काय सांगू? आत्याबाई मध्येच विचारू लागल्या, "मंग आपल्या लग्नाच्या पत्रिका लोकांनी वाचल्या न्हाईत का?"

तुझे दादा एवढंच म्हणाले, "तुला कवा कळलं म्हनली?" मी तारीख सांगितली. ते उठून अंगणात गेले. अजून माझ्याशी बोललेले नाहीत. पण बॅग मी भरली ती त्यांनी घेतली.

अण्णांनी पाहुण्यांना चहा द्यायला सांगितला. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "पोरीचा पेपर कुणी तपासलाच न्हाई, मंग ती नापास कशी? तिचा शब्द मोडला असं मी धरत न्हाई. तुमाला थांबायचं तं थांबा, न्हाई थांबायचं तं राग न्हाई." थोरल्या पाहुण्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "आमचा बी एक पोरगा पुण्यात अर्ज टाकून राहिला. त्याचा बी कागद बघता का, बाई?" काल जे झालं त्यात हे सगळ्यात अजब.

मग दादांच्या फोनवरून तुला लावला. तू पाडव्याला परत यायचं सामान बांधत होतीस. पहिल्यानंतरची माझी पाकिटं आली पण उघडली नाहीत म्हणालीस. म्हणजे तुला काहीच माहीत नव्हतं, आणि सगळं मला तोंडानं सांगावं लागलं, परत एकदा, पहिल्यापासून.   शिव्या दिल्या असत्यास तरी बरं वाटलं असतं.

तू एवढंच विचारलंस: "वहिनी, म्हणजे माझ्यात खोट नव्हती?"

मी तोंडाला पदर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तू काय समजलीस कुणास ठाऊक. पाच महिने तू हे धरून बसली होतीस, खारी मोजतानाही, आणि तुला ते मी दिलं होतं, माणसांत बसून, फराळाच्या ताटावर. मी समजत होते तू नुसती रागावलीस. तू खरं मानलं होतंस गं.

बुधवारी काय होईल मला माहीत नाही. घेतील, नाही घेणार. नाही घेतलं तर माणसानं बघून नाही घेतलं असं होईल, आणि आपण पुढचा अर्ज टाकू. बांधलेलं सामान सोड. बायोडाटा तुझ्या दादांच्या बॅगेत आहे, दोन प्रती, साध्या कागदावर. दही-साखर तुझ्या हातावर ठेवायला त्यांना सांगितलंय, ते विसरतील, तू आठवण कर.

काल फोनवर राहिलेलं उत्तर इथं हातानं लिहून देते. बाहेर बसस्टँडकडं हाका मारतायत, पण हे लिहिल्याशिवाय कागद देणार नाही.

नव्हती, पुनम. तुझ्यात खोट नव्हती.

तुझी वहिनी,
शिवकन्या